मागून येणारा मुखिया

दसाराम, तुझ्या तेरवीच्या पंगती उठल्यावर वहिनीनं मला आतल्या खोलीत बोलावलं. दोरीवर तुझे सदरे टांगलेले होते; कोणाला तरी देऊन टाकायला काढले असतील. तिनं एकेक सदरा उलटा करून माझ्यापुढं धरला. प्रत्येकाचा उजवा खांदा विरलेला, कुठं ठिगळ, कुठं ठिगळावर ठिगळ. डावा खांदा मात्र धड.

"भाऊजी, तुमी त्यायच्या संगं जंगल जंगल हिंडले. मले एवढं सांगा जी, यायचा हा एकच खांदा काऊन फाटे? मीनं किती खेपा इचारलं. हासत अना म्हनत, तुहा धागाच कच्चा हाये."

एवढं बोलून ती रडायला लागली. खरं सांगू, मला रडू यायच्या आधी संशय आला. बायकोलासुद्धा सांगता येत नाही असं कोणतं ओझं हा माणूस खांद्यावर घेऊन हिंडत होता?

शोकसभेत मी तुझ्याविषयी जे बोललो ते खोटं नव्हतं, पण ते सभेसाठी होतं. हे तुझ्यासाठी लिहितोय.

मी संशयी आहे, हे काही गुपित नाही. कुडव्याला किराण्याचं दुकान चालवणाऱ्यानं भोळं राहून कसं चालेल? रुपया दगडावर वाजवून घ्यायचा, गुळाची भेली आतून ओली आहे का ते बघायचं, रॉकेल मागायला आलेल्या माणसाच्या घरी आधीच किती डबे आहेत याचा अदमास घ्यायचा. माझी बायको म्हणते, "तुमाले तं देवळातल्या देवाचाही भरवसा नाही. नारळ फोडल्यावर आत खोबरं हाये का नाही ते आधी पाहता." म्हणते ते खरं आहे. नारळ नासका निघतो कधीकधी.

आणि अशा माणसाला तू पायवाट मंडळात ओढलंस. वैनगंगेच्या काठापासून, तुझ्या दवनीवाड्यापासून निघायचं, सडक अर्जुनीवरून जंगलात शिरायचं आणि नवेगावचा तलाव मागं टाकून महादेवाच्या डोंगरापर्यंत जायचं. वाट जुनीच होती. शिवरात्रीला जाणारे, लेकीला भेटायला निघालेले, बैल विकायला नेणारे, सगळ्यांच्या पायांनी पडलेली. पण मोटारी सुरू झाल्या, लोक सडकेनं जायला लागले आणि वाट झुडपांनी गिळायला घेतली. तू म्हणालास, "सडक सरकारची हाये, पायवाट आपली हाये. आपली गोष्ट आपुनच सांभारली पाहिजे." ना पगार, ना हुकूम. धान कापून झालं की गावोगावचे लोक कोयते घेऊन यायचे. पुढचे झुडपं तोडायचे, मधले फाट्याफाट्यावर दगडांची खुणेची रास रचायचे आणि तिच्यावर चुना फासायचे, म्हणजे परक्या माणसाची वाट चुकू नये. शिध्याची बैलगाडी गाडीवाटेनं मुक्कामावर यायची. तू आमचा मुखिया, पहिल्या वर्षापासून मरेपर्यंत.

मुखियानं पुढं चालावं की नाही? आमच्यात बैलसुद्धा जो शहाणा तो पुढं जुंपतात. तू सगळ्यांच्या मागून यायचास. मी थांबलो तर म्हणायचास, "शेट, तू होय पुढं. मी येतो." मुक्कामावर भात शिजून, वरणाला फोडणी पडून, पानं मांडून झाली तरी तुझा पत्ता नसायचा. मग कधीतरी झाडांतून यायचास, कपाळावर घाम, उजव्या खांद्यावर माती. पोरं म्हणायची मुखियाजी मोहाची घेऊन येतात. मी तुझ्याजवळ बसून वास घेतलाय, दसाराम. वास आला नाही, तेव्हा माझा संशय आणखी वाढला. दारू प्यायला असतास तर मी निर्धास्त झालो असतो.

दुसरी गोष्ट राशींची. आदल्या वर्षी कमरेएवढी रचलेली रास पुढच्या वर्षी गुडघ्यावर आलेली असायची. पावसानं दगड विरघळत नाहीत. मी म्हणायचो, हे जंगलातल्या टोल्यावरच्या, त्या छोट्या वस्तीतल्या लोकांचं काम आहे, चुलीला नेत असतील. तू म्हणायचास, "असन." असेल म्हणजे काय? मुखिया आहेस ना, चौकशी कर! तू खाली वाकून दुसरे दगड गोळा करायला लागायचास.

आणि ती गादी. पहिल्याच वर्षी पोरांनी जंगलातून एक रुंद, चापट दगड शिध्याच्या गाडीत घालून सडक अर्जुनीला आणला आणि पिंपळाखाली मांडला. मुखियाची गादी म्हणून. हंगाम संपला की तिथं मंडळ जमायचं, मुखियाला गादीवर बसवून हार घालायचा, असं ठरलं. तू एकदाही बसला नाहीस. हार हातात घ्यायचास, उभा राहायचास, पाठ दुखते म्हणायचास. लोक म्हणाले, केवढी नम्रता! मी मनात म्हणालो, जो माणूस खुर्ची नको म्हणतो त्याच्यावर आधी नजर ठेवावी.

पण हे सगळं मी गिळलं असतं. वाटेला घातलेला फेर गिळता आला नाही.

सडक अर्जुनीच्या पुढच्या मजलेत ऐनाच्या झाडांची एक सपाट जागा लागायची. दाट सावली, शेजारी झरा. पहिल्या वर्षी वाट तिथूनच गेली. दुसऱ्या वर्षी तू ती उचललीस आणि उघड्या टेकाडावरून नेलीस. दगडगोटे, चढ, पाण्याचा थेंब नाही. विचारलं तर एकच उत्तर, "वाट आता तिकडून नाही जात." वाट काय आपल्या पायानं चालते? ती सपाट जागा मालगुजाराच्या मोहाच्या जंगलाला लागून होती. त्याला तिथं वाटसरू नको होते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या पोरीच्या लग्नात तू पुढच्या रांगेत बसला होतास, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन आणि दोन चार करायला किराणा दुकानदाराला वेळ लागत नाही.

मग शिवरात्रीला जाताना त्या टेकाडावर माझा सासरा उन्हानं कोसळला. म्हातारा वाचला, पण शुद्धीवर आल्यावर त्यानं पाणी मागितलं तेव्हा कोणाच्याच लोट्यात पाणी नव्हतं. ती हाक माझ्या कानात अजून आहे. मी सभेत उभा राहिलो. वाट सरळ करा, झऱ्यावरून न्या, नाहीतर मुखियानं कारण सांगावं. तू उभा राहिलास, हात जोडलेस आणि म्हणालास, "कारन सांगता येत नाही. माह्यावर भरवसा असन तं हात वर करा." सगळे हात वर गेले. माझा एकट्याचा खाली. त्यानंतर मी तुझ्याशी बोललो नाही. पुढच्या हंगामात टेकाडावरच्या एका झाडाखाली पाण्यानं भरलेले मातीचे घडे दिसले, ताज्या पाण्याचे, पळसाच्या पानांनी झाकलेले. लोकांनी जयजयकार केला. मी ओळखलं, मालगुजारानं बिदागी पाठवली. मी त्यातलं पाणी प्यालो नाही.

आपलं बोलणं तिथंच तुटलं ते तुटलंच. पौषात तुला ताप भरला. मी येणार होतो, येईन येईन म्हणत दोन बाजार उलटले आणि तिसऱ्या बाजारी तुझी खबर आली. वर हेही कळलं की शेवटल्या शुद्धीत तू म्हणालास, "माह्या जागी शेटजीले करा." कोणाला? ज्याचा हात खाली होता त्याला! मला गहिवर यायला हवा होता. मला वाटलं, हा मेल्यावरही काहीतरी माझ्या गळ्यात मारतोय. तरी त्यांनी मला पिंपळाखाली नेलं, त्या चापट दगडावर बसवलं आणि हार घातला. मी बसलो. मला पाठदुखी नाही.

बसल्या बसल्या पहिला हुकूम सोडला, वाट सरळ करायची. पण माल न बघता सौदा करायची मला सवय नाही. म्हणून आधी एकटाच जागा बघायला गेलो.

ऐनाखाली दगड उभे होते. लहानमोठे, ओळीनं. आणि दसाराम, त्यांच्यातल्या कितीतरी दगडांवर चुना होता. पावसानं फिकट झालेला, पण चुना. आपल्या मंडळाचा. माझं डोकंच फिरलं. म्हणजे राशी मोडून दगड इथं आणले जात होते तर! तेवढ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी आली. टोल्यावरची गोंड बाई, नाव सुकवारोबाई, हे नंतर कळलं. मी तिच्यावरच ओरडलो. हे दगड आमचे आहेत, हा चुना आमचा आहे, चोरी करता?

तिनं सावकाश मोळी उतरवली. "तू कोन होस?"

"मंडळाचा मुखिया."

"मुखिया तं मेला म्हनतेत."

"तो मेला. आता मी आहे."

ती माझ्याकडं बघत राहिली. माल पारखून घ्यावा तशी. मग एका दगडापाशी गेली आणि त्याच्यावर हात ठेवला. "हा माह्या सासूचा. तो जेठाचा. तो, लहान दिसून राहिला ना, तो माह्या पोराचा. आमचे लोक मेले का आमी इथं त्यायचा दगड लावतो. चुना तुमचा असन बाप्पा, दगड आमचे होत."

पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात आपण लवकर निघालो होतो, आठवतं? टोल्यावरची सगळी माणसं तेव्हा खालच्या गावांना धान कापायला गेली होती. जागा सुनी. तू ओरडला होतास, ज्याच्या हाताला जो दगड लागेल तो उचला रे, फाट्यावर रचा. पोरांना उभे दगड आयते मिळाले. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आपण लोकांची वाट चुकू नये म्हणून राशी रचत गेलो आणि त्यांच्या मेलेल्यांना उपटून फाट्याफाट्यावर उभं करत गेलो.

"मी त्याच्या आडवी उभी राहिलो," सुकवारोबाई सांगत होती. "सांगतलं, हे काय केलं तुमी? तो इथंच बसला, मातीत. लय वेळ उठलाच नाही. मंग म्हने, बाई, मीच उचला म्हनलो होतो, मीच आनून ठेवतो. मीनं सांगतलं, आन, पन गर्दी नको आनू. गर्दीनंच नेले होते."

म्हणून तू मागून यायचास. आम्ही पुढं गेलो की रास उकलायचास, त्यातला एखादा दगड खांद्यावर घ्यायचास आणि आडवाटेनं इथं यायचास. कोणता दगड यांचा आणि कोणता रानातला, हे तुला कुठं कळत होतं? तू आणायचास, ती बघायची. "हा नाही होय, म्हनो मी. तं बिचारा वापस खांद्यावर घे अना जाय." सांगताना म्हातारी हसली. मलाही हसू आलं आणि हसता हसताच मी रडलो, तुझ्या तेरवीला रडलो नव्हतो तेवढा. तो एकच खांदा, दसाराम. चुकीचे दगडसुद्धा तू परत नेऊन ठेवत होतास.

मग मी तिला घड्यांचं विचारलं. टेकाडावर पाणी कोण ठेवतं? तिनं मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. "आमची वाट सोडून तुमी उन्हात चालले. बुढा पडला म्हनून आयकलं. मंग पानी कोनं ठेवाव, मालगुजारानं?"

मी उठून निघणार होतो. तेव्हा तिनं ओळीच्या शेवटी एक रिकामा खड्डा दाखवला. गवत उपटून, माती झाडून स्वच्छ ठेवलेला. "एक राहिला. माह्या बापाचा. चापट, मोठा. दर सालाले म्हने, बाई, पुढच्या साली आनतो. मले वाटे हा मले झुलवून राहिला. मेला म्हनून आयकलं, तवाही तेच वाटलं. झुलवलन."

मी उभ्या उभ्या धोतर मागून झटकलं. त्या दगडावर मी हार घालून बसून आलो होतो.

तेव्हापासून मी तुझ्यावर रागावलो आहे. टोल्यावरच्या लोकांचा राग नाही, मंडळाचा नाही, तुझा. बाकीचे दगड राशीतून गेले तर कोणाला पत्ता लागत नव्हता. गादी गेली असती तर गाव जमा झालं असतं, कारण विचारलं असतं, मग हार, नारळ, मिरवणूक काढून सगळे इथं आले असते. गर्दी आली असती. हे मला कळतं. पण एका माणसाला सांगायला काय हरकत होती? तुझा सांगाडा होईपर्यंत एकट्यानं वाहायचं, आणि माझ्या सासऱ्याच्या पाण्याचा बोल मुकाट्यानं ऐकून घ्यायचा, हा कुठला शहाणपणा? तू म्हणशील, शेट, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. बरं, नाही भिजत. पण माझा खांदा तर रिकामाच होता ना? दोघांनी मिळून ती गादी केव्हाच हलवली असती. मालगुजाराच्या मांडवात तू का बसला होतास, तेही मला अजून कळलेलं नाही. जेवायला गेला असशील. आता विचारू कोणाला?

मला मुखिया का केलंस, याचा मात्र उलगडा झाला असं वाटतं. भरवसा ठेवणाऱ्यांनी हात वर केले आणि घरी गेले. जागा बघायला जाईल असा एकच माणूस मंडळात होता.

मी पिंपळाखाली सभा बोलावली आणि सांगितलं, वाट टेकाडावरूनच जाईल. दुसरं, मुखियाला गादी नको. हा दगड मी नेतो. कुजबुज सुरू झाली. आधी वाट सरळ करा म्हणून भांडला, आता पलटला. मालगुजारानं यालाही गाठला वाटतं. मागून एक आवाज स्पष्ट आला, "शेटजी दुकानाची पायरी करते वाटते." सगळे हसले. आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला, पण तो आपल्यावर आला की कसा लागतो ते त्या दिवशी समजलं. बोललो असतो तर एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. तीळ जिभेवर होता. भिजू दिला.

माघात शिवरात्रीच्या आधीची फेरी निघाली. दगड शिध्याच्या गाडीत तांदळाच्या पोत्याखाली घातला. टेकाडाच्या पायथ्याला गाडी वळते, तिथं उतरवून घेतला. गाडीवान म्हणाला, "इथं जंगलात पायरी?" मी त्याला हाकललं. लोक पुढं झाले. एकजण मागं वळून म्हणाला, "मुखियाजी, मांगं काऊन राहून राहिले?"

"तुमी होआ पुढं," मी म्हणालो. "मी येतो."

दगड जड होता, दसाराम. माझी पोती उचलायची सवय कधीच गेली. दर थोड्या अंतरावर टेकवत, शिव्या देत, जास्त करून तुला, मी ऐनाखाली पोचलो. सुकवारोबाई बसलेली होती. तिनं दगडावरून हात फिरवला, खालच्या कडेला एक खाच होती ती बोटानं चाचपली आणि नुसती मान हलवली. आम्ही दोघांनी तो खड्ड्यात उभा केला, माती दाबली. ती तिच्या बोलीत बापाशी काहीतरी बोलली. गोंडी मला येत नाही, पण त्यात तुझं नाव होतं. जाताना तिनं झऱ्याचं पाणी पानाच्या द्रोणात दिलं. या खेपेला मी प्यालो.

मुक्कामावर पोचलो तेव्हा पानं मांडून झाली होती. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. एक माझ्या जवळ येऊन बसला आणि हळूच वास घेऊन गेला.

काल घरी आलो. बायकोनं सदरा धुवायला घेतला आणि उजव्या खांद्याशी थांबली. कापड उसवलं होतं, माती आत मुरली होती. "हे काय लागलं?" ती म्हणाली. तोंडातून निघणारच होतं, तुझा धागाच कच्चा आहे म्हणून. तुझंच उत्तर, आयतं. मग तिचा चेहरा बघितला. वहिनीनं दोरीवरचे तुझे सदरे दाखवताना केलेला चेहरा तोच होता, फक्त अजून जुना व्हायचा होता. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं.

आता तो सदरा घेऊन दवनीवाड्याला निघालो आहे. वहिनीच्या पुढं तुझे सदरे आणि माझा सदरा शेजारी शेजारी ठेवणार आहे. गर्दी नको हा सुकवारोबाईचा शब्द तू पाळलास, चांगलं केलंस. पण त्या शब्दात कोण येतं आणि कोण येत नाही, हे ठरवताना तू चुकलास. वहिनी म्हणजे गर्दी नव्हे, दसाराम. आणि मीही नव्हतो.